ढोल हवा, ढोलवाला नको

मी एक ढोल बोलतोय, आणि रागानं बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो. गोड बोलणारी वाद्यं पुष्कळ आहेत. सतारीला विचारा, बासरीला विचारा. माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

ढोल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गणपतीची मिरवणूक आली असेल. ते ढोल माझे लांबचे भाऊबंद. मी कंबरेला बांधून मिरवण्यातला नाही. मी इंग्रजी बँडमधला, जमिनीवर कुशीवर बसणारा. माझ्या एका तोंडाशी वाजवणारा बसतो आणि पायानं पट्टी दाबून मला ठोका देतो. दुसरं तोंड लोकांकडे असतं. ते माझं कपाळ. सगळं रामायण त्या कपाळामुळेच घडलं.

माझा जन्म कॅनडातला. तिथल्या मेपलच्या पातळ फळ्या एकावर एक चिकटवून, वाकवून मला गोल केला. मला विकत घेतलं लॉयड पेटिग्रू नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरानं. ओंटारियोतल्या त्याच्या गावाला एक नदी होती. थंडीत ती गोठायची, फेरीबोट बंद पडायची आणि तिची शेड रिकामी व्हायची. त्या शेडमध्ये लॉयड आणि त्याचे चार मित्र हातमोजे घालून वाजवायचे. बँडचं नाव त्यांनी ठेवलं ‘फ्रोझन फेरी’, गोठलेली होडी. लॉयडनं स्वतः ब्रश घेतला आणि लाल रंगानं ते माझ्या कपाळावर लिहिलं. शेवटी शेवटी जागा पुरेना, म्हणून शेवटची अक्षरं जरा चेंगरली आहेत. पण ती चेंगरलेली अक्षरं माझी ओळख होती.

मग आम्ही फिरलो. कॅनडा म्हणजे गावं कमी आणि रस्ता जास्त. दिवसभर बर्फातून व्हॅन हाकायची आणि संध्याकाळी तासभर वाजवायचं. माझा आवाज फार घुमू नये म्हणून लॉयडनं माझ्या पोटात एक लष्करी ब्लँकेट कोंबलं होतं. गाडी बंद पडली की पाचही जण तेच ब्लँकेट काढून पांघरून बसत. हळूहळू आमची गाणी रेडिओवर लागू लागली, थिएटरं भरू लागली.

आणि गूळ असला की मुंगळे येणारच. आमच्याकडे मर्व्हिन ओक्स आला. मॅनेजर. तुम्ही फक्त वाजवा, करार-बिरार मी बघतो, असं तो म्हणायचा, आणि पोरांना ते फार सोयीचं वाटायचं. दहा-बारा वर्षांनी लॉयडनं कशावरून तरी त्याला जाब विचारला, तेव्हा कळलं की बँडचं नाव कायद्यानं मर्व्हिनच्या मालकीचं आहे. तुला जायचं तर जा, म्हणाला, पण नाव इथेच ठेवून जा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. एकेक करत पाचही जण बाहेर पडले, नवी पोरं आली, आणि ‘फ्रोझन फेरी’ आपली चालूच राहिली. मर्व्हिनला पुढे संगीताच्या धंद्यातला भीष्माचार्य म्हणून मानसन्मान मिळाले. हा बँड आपण कसा उभा केला, याच्या तो मुलाखती देऊ लागला. ज्या शेडमध्ये आम्ही कुडकुडलो ती त्यानं डोळ्यांनी पाहिलेली नाही.

लॉयड मात्र वाजवत राहिला. जहाजांवर वाजवलं, लग्नांत वाजवलं, दुसऱ्यांच्या मागे बसून वाजवलं. एकोणीसशे त्र्याण्णवच्या सुमारास तो मला घेऊन दुबईला आला, एका हॉटेलच्या बँडमध्ये. राहायला शारजात, अल मजाजला, खालिद लगून या खाडीच्या काठावरच्या एका टॉवरमध्ये. तिथे भाडं कमी, हे एक कारण. दुसरं तो हसून सांगायचा: दारू सोडलेल्या माणसाला शारजासारखं गाव नाही, तिथे दारूबंदी, मोह विकतसुद्धा मिळत नाही.

शेजारच्या दारावर पाटी होती, सूर्यकांत दळवी. हा माहीमचा माणूस. दुबईत स्टेज, लाइट आणि स्पीकर भाड्यानं देणाऱ्या कंपनीत ऑपरेशन्स मॅनेजर. आवाज मऊ, स्वभाव भिडस्त. साहेबानं उभं राहा म्हटलं तर बसायला कधी सांगणार याची वाट बघत राहील असा. त्याची बायको सुहासिनी मात्र वेगळी. लॉयड दुपारी माझ्यावर रियाज करायचा, आणि भिंतीपलीकडे तिच्या मुलीचा, आभाचा, अभ्यास चालायचा. एके दिवशी सुहासिनी दारात येऊन उभी राहिली. भांडायलाच आली होती. पण तिला माझ्या पोटातलं चिंध्या झालेलं ब्लँकेट दिसलं, आणि ती भांडण विसरून परत गेली. पंधरवड्यानं आली ती गोधडी घेऊन. जुन्या सुती साड्यांची, बारीक टाक्यांची, माझ्या पोटाच्या मापाची. ये डालो अंदर, म्हणाली, आवाज भी कम होगा और ड्रम को भी अच्छा लगेगा.

मला खरंच बरं वाटलं. माझा ठोका खोल आणि मऊ झाला. कॅनडात इतकी वर्षं काढली, पण माझ्या पोटाची काळजी कोणाला वाटली नव्हती.

त्यानंतर आभा माझ्याजवळ येऊ लागली, आणि बघता बघता शिकू लागली. आई मराठीत ओरडायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि लॉयडकाका मध्ये बसून थालीपीठ खायचा. त्याला घरात सगळे लॉयडकाकाच म्हणत.

आता रागाची गोष्ट. दोन हजार एकच्या फेब्रुवारीत मर्व्हिनची ‘फ्रोझन फेरी’ दुबईत येणार असं ठरलं. मोकळ्या मैदानावरचा मोठा शो. स्टेजचं काम सूर्यकांतच्या कंपनीकडे आलं. कंपनीचा मालक अजीज. बँडचा पहिलावहिला ढोल इथे शारजातच आहे, हे सूर्यकांतकडून ऐकलेलं त्यानं बोलता बोलता बँडच्या लोकांना सांगितलं, आणि ते हरखले. जुना ढोल स्टेजवर दिसला की जुन्या श्रोत्यांना सगळं खरं वाटतं ना! अजीजनं सूर्यकांतला फर्मावलं, तो नाव लिहिलेला ड्रम घेऊन ये.

सूर्यकांत त्या संध्याकाळी शेजारचं दार ठोठावताना आनंदानं फुलला होता. लॉयडकाका, तुम्हाला बोलावलंय, म्हणाला.

लॉयडनं दोनदा विचारलं, मलासुद्धा? सूर्यकांत म्हणाला, अर्थात.

तो खोटं बोलला नाही. त्याच्या डोक्यात दुसरा विचारच आला नाही. आपल्याकडे तबला बोलावला की तबलजी येतोच. तबला तेवढा पाठवा, तुम्ही घरी बसा, असं कोणी म्हणतं का? त्याला वाटलं, जगभर असंच असतं.

तीस वर्षांत मी लॉयडला इतका खूश पाहिला नव्हता. एका गाण्यापुरतं का होईना, आपल्या नावामागे बसून वाजवायचं, एवढंच त्याला हवं होतं. त्यानं कॅनडाला बहिणीला फोन करून सांगितलं. हॉटेलातून सुट्टी काढली. सुहासिनीनं त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून दिला. माझी कातडी त्यानं तीन-तीनदा ताणून बघितली, आणि आभाला समोर बसवून जुनी गाणी वाजवली.

शोच्या दिवशी मी सकाळी ट्रकमधून गेलो. दुपारी लॉयड आणि आभा टॅक्सीनं आले, तर गेटवरच अडवले. पास नव्हता. सूर्यकांत धावत गेला, त्यांना आत घेऊन आला आणि अजीजला म्हणाला, “साहब, यही लॉयड साहब. ड्रम इन्हीं का है. कौन से गाने में बैठेंगे?”

अजीजला आधी कळेना. मग तो हसत सुटला. “अरे सूर्यकांत, ड्रम मंगाया था. बुड्ढा किसने मंगाया?”

लॉयडला हिंदी फारसं येत नव्हतं. पण चेहरे वाचता येत होते. त्याच्या खिशातून वाजवायच्या काड्या डोकावत होत्या, त्या त्यानं हळूच आत ढकलल्या. ते बघून माझं लाकूड तडकतंय की काय असं मला झालं.

तेवढ्यात मर्व्हिन आला. सत्तरीचा, गुलाबी, तुकतुकीत. त्यानं लॉयडला मिठी मारली. चोर तो चोर, वर शिरजोर कसा असतो बघा. म्हणाला, पुढच्या रांगेत बस, आमचा पाहुणा म्हणून, फक्त पत्रकारांशी बोलू नकोस. आणि हे बघ, खरं म्हणजे हे नाव तुझ्या ढोलावर असायलाच नको. पण आजच्या दिवस ते योग्य जागी आहे.

“ते मी रंगवलंय, मर्व्हिन,” लॉयड म्हणाला. मला वाटत होतं, त्यानं आरडाओरडा करावा. पण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मागे बसलेला माणूस ओरडायचं विसरतो.

इकडे स्टेजवर त्यांच्या नव्या पोरानं मला वाजवून बघितलं. आवाज मऊ लागतो म्हणाला. त्यांच्या मदतनीसानं माझं कपाळ उघडलं, पोटात हात घातला, गोधडी ओढून काढली आणि चिंधी टाकावी तशी बाजूला फेकली. त्यावरून वायर ओढत एक जण गेला. बूट घालून.

सूर्यकांतनं ते पाहिलं. अजीज त्याला बुड्ढा किसने मंगाया म्हणाला तेव्हा तो गप्प होता. मर्व्हिनपुढेही गप्पच होता. पण गोधडीवर बूट पडला आणि माणूस बदलला. तो स्टेजवर चढला, गोधडी उचलली, झटकली, घडी केली आणि माझ्या पोटात परत ठेवली. मग त्यानं माझं कपाळ बंद केलं. घाईत त्याच्या हातून स्क्रू नीट बसत नव्हते. आभा वर आली आणि तिनं ते घट्ट केले.

“साहब,” तो अजीजला म्हणाला, “हमारे में तबला बुलाया तो तबलजी साथ आता है. तबलजी नहीं चाहिए, तो तबला भी नहीं. खलास.”

तिथे नोकरी गेली की व्हिसाही जातो. अजीज शांतपणे म्हणाला, “वीज़ा किसका है, याद है ना?”

“याद है,” सूर्यकांत म्हणाला, आणि त्यानं मला उचललं. दुसऱ्या बाजूनं लॉयडनं धरलं.

त्याच्या कोरोलाच्या मागच्या सीटवर आभानं मला कवटाळून धरलं होतं. शारजाच्या रस्त्यावर नेहमीसारखा जॅम. लॉयड पुढे बसून समोर बघत होता. सूर्यकांत म्हणाला, काका, चूक माझी झाली, मी नीट विचारायला हवं होतं. लॉयडनं मान हलवली. म्हणाला, तुझ्या देशात ती चूक नाही ना? मग आम्हीच चुकतोय.

तुम्हाला वाटेल, माझ्याविना शो पडला असेल. छे! भाड्याचा काळा ढोल आणला, लोक नाचले, गाणी लोकांना तोंडपाठ होती. कोणाचं काहीसुद्धा अडलं नाही. माझा राग आहे तो याचाच. ज्यांनी ती गाणी गात गात आयुष्य काढलं, त्यांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की मुळात वाजवलं कोणी.

सूर्यकांतची नोकरी अर्थातच गेली. सुहासिनीनं त्याला दोष दिला नाही. गोधडी धुऊन वाळत घातली, एवढंच. महिन्याभरात दुबईच्या उलट दिशेला, हमरिया फ्री झोन या कारखान्यांच्या वसाहतीत, एका पॅकिंगच्या कंपनीत त्याला काम मिळालं. हुद्दा लहान. पण सगळं शारजा सकाळी दुबईकडे तोंड करून जॅममध्ये उभं असतं आणि मी उलटा सुसाट जातो, असं तो सांगत फिरायचा.

मर्व्हिननं वकिलाकरवी निरोप धाडला: ते नाव यापुढे कुठल्याही स्टेजवर लोकांना दिसता कामा नये. लॉयडनं ऐकून घेतलं. मग माझ्यासमोर मांडी घातली आणि माझी दोन्ही कातडी काढली. नाव असलेलं स्वतःच्या बाजूला लावलं, कोरं लोकांच्या बाजूला. आता नाव दिसतं ते फक्त वाजवणाऱ्याला. जाऊन सांगा त्या वकिलाला.

दोन वर्षांपूर्वी लॉयड कायमचा कॅनडाला गेला. पाय दुखायचे, बहीण एकटी होती. मला न्यायला निघाला होता, पण आभानं माझ्यावर धरलेला ताल ऐकला आणि मला इथेच ठेवलं. आता ती कॉलेजच्या बँडमध्ये वाजवते. मी अल मजाजलाच असतो, गोधडीसकट.

पायाचा ठोका नेमका नावावर पडतो. मधली अक्षरं झिजून गेली, कडेची चेंगरलेली तेवढी उरली आहेत. तीही जातील. त्याचं मला वाईट वाटत नाही. ज्यानं लिहिलं त्याच्या पायानं आणि त्यानं शिकवलेल्या पोरीच्या पायानं नाव झिजतंय. मर्व्हिनकडे ते अजून नवंकोरं आहे, कारण त्यानं त्यावर एकही ठोका दिलेला नाही.

तुमच्याकडे कार्यक्रम असला तर मला जरूर बोलवा, मी येईन. फक्त निरोप माझ्या नावानं धाडू नका. आभाच्या नावानं धाडा.