तोंड वळवून बोललेलं

लग्नाचा तो पांढरा झगा माझ्याच हातून जळला. लॉन्ड्रीत इस्त्रीवर मला बावीस वर्षं झाली. कितीही नाजूक कपडा असो, मालकीणबाई डोळे मिटून माझ्याकडे द्यायच्या. त्या दुपारी फोन खांद्यात धरून मी बहिणीला आमच्या जावेची नक्कल करून दाखवत होते. हसता हसता इस्त्री झग्याच्या गळ्यापाशी तशीच राहिली. उचलली, तर खाली तपकिरी डाग, पार आतपर्यंत.

वासाने मालकीणबाई धावत आल्या. नेमकी तेव्हाच मौनी धुतलेल्या चादरींची टोपली घेऊन माझ्या टेबलापाशी आली होती. तिला ऐकू येत नाही. मौनी हे नाव आम्हीच पाडलेलं. पण समोरच्याचे ओठ बघून ती शब्द न् शब्द ओळखते. तीही इस्त्रीच करायची, दुसऱ्या टेबलावर.

"कोणी केलं हे?"

मी मौनीकडे पाठ केली. तिला माझे ओठ दिसू नयेत म्हणून. आणि म्हणाले, "मी पाणी प्यायला गेले होते. हिने इस्त्री फिरवून बघितली वाटतं. जाऊ द्या बाई, गरीब आहे बिचारी."

वर 'जाऊ द्या' म्हणायलाही मीच.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी मौनीला मागे धुलाईवर पाठवलं. तिने जाताना माझ्याकडे बघून हाताने विचारलं, का? मी खांदे उडवले.

महिन्याभरात सोड्याच्या पाण्याने तिच्या बोटांना भेगा पडल्या. ओले कपडे माझ्याकडे आणून द्यायची, तेव्हा ती बोटं माझ्या नजरेसमोर यायची. मी घरी लांबलचक प्रार्थना करू लागले. नवरा म्हणाला, "अगं, देवालाही मधे बोलू दे की जरा!" मला हसू आलं नाही. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर समोर आली तेव्हा माझा हातच पुढे होईना.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब खुर्च्या आवरत होते. मी त्यांना सगळं सांगितलं.

"हे देवाला सांगितलंस?"

"रोज सांगते, साहेब."

"काय म्हणतेस नेमकं?"

"हेच की, माझ्या हातून चूक झाली."

त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. "झगा जळला ती चूक. पाठ केलीस, ती काय होती?"

उत्तर मला ठाऊक होतं, पण देवापुढेही मी ते गिळलं होतं.

"तो क्षमा करायला केव्हाचा तयार आहे, बाई," ते म्हणाले. "पण तू त्याच्यासमोर भलतंच पाप नेऊन ठेवतेस. आणि तिचं जे नुकसान केलंस, ते आधी निस्तर."

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी धुलाईच्या खोलीत जाऊन थांबले. मौनी आली, टॉवेल भिजवू लागली. मी तिच्यासमोर उभी राहिले.

"झगा मी जाळला. नाव तुझं सांगितलं."

तिने माझ्या ओठांकडे बोट केलं. पुन्हा बोल.

दुसऱ्यांदा ते बोलणं पहिल्यापेक्षा जड गेलं. तिचा चेहरा लाल झाला. तिने दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर धरले, आधी तळवे, मग उलटून बोटं. मग माझं मनगट पकडून तिने मला फरफटत मालकीणबाईंच्या टेबलापाशी नेलं. मला उभं करून ती स्वतः माझ्या समोर आली, ओठ दिसतील अशी. मी तिसऱ्यांदा तेच सांगितलं. दारात बाकीच्या बाया येऊन उभ्या होत्या.

"बावीस वर्षं!" मालकीणबाई म्हणाल्या. मौनीकडे वळून त्यांनी हात जोडले, तिला इस्त्रीचं टेबल दाखवलं, आणि मला मागची खोली.

मी मौनीला म्हणाले, "मला माफ कर." तिने सरळ मान हलवली. नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने दिवा लावला आणि तो चहा ठेवायला गेला. मी प्रार्थनेला बसले. चूक झाली, हातून घडलं, असं या वेळी काही तोंडून आलं नाही. "प्रभू, मी मुद्दाम खोटं बोलले. तिचं काम मी हिरावलं. मला क्षमा कर." एवढंच म्हटलं आणि शब्द संपले. मान वर होईना. लाज तर सकाळपेक्षा जास्तच वाटत होती. पण महिन्याभरात पहिल्यांदाच तिथून उठून जावंसं वाटलं नाही. समोर कोणीतरी आहे, त्याने सगळं ऐकलंय, आणि तरी तो उठून गेलेला नाही, असं वाटत होतं. चहा निवून गेला, तरी मी तशीच बसून होते.