ओल्या रंगाची पाटी

तपासणी पथक येणार म्हणून रुग्णांसकट वॉर्ड रंगवणं चाललं होतं. दुपारी रंगारी शिडीवरून उतरला आणि कंबर धरून खालीच बसला. वय अडुसष्ट, त्यातली पन्नास वर्षं सिगारेटची.

"शिडीचं दुखणं. मलम चोळा," शिकाऊ डॉक्टर लांबूनच म्हणाला.

सिस्टरने रंगाऱ्याला कोपऱ्यातल्या खाटेवर निजवलं. पोटावरची चादर नाडीच्या ठेक्यावर उडत होती. जुन्या सायकलच्या ट्यूबला फुगा येतो ना, तसा कधी कधी पोटातल्या मोठ्या धमनीला येतो. दुखणं पाठीत उतरतं, म्हणून लोक कंबरेला दोष देतात. सिस्टरने तडक सोनोग्राफी करून घेतली. फुगाच होता. ऑपरेशनची खोली तयार व्हायला वीस मिनिटं होती. तोवर तो फुटला की संपलं.

तिने सलाइनची सुई लावली, रक्त मागवलं, दर पाच मिनिटांनी रक्तदाब घेतला, पावलं गार पडली नाहीत ना ते चाचपलं.

"काका, उठायचं नाही, खोकायचं नाही, कुंथायचं नाही."

"मग करू काय?"

"छताला रंग कुठे राहिलाय ते बघा."

"पंख्यामागे राहिलाय," तो लगेच म्हणाला.

वीस मिनिटं संपत आली, तेवढ्यात मोठे डॉक्टर आठ शिष्य घेऊन आले. "असा फुगा पुस्तकातच भेटतो. चला, एकेकाने दाबून बघा!"

मलमवाला बाह्या सरसावून सर्वांत पुढे.

"सर, दाबून फुटला तर?"

"सिस्टर, आता तुम्ही आम्हाला शिकवणार?"

रंगारी हळूच म्हणाला, "पोरी, माझ्या शिडीवरची पाटी आण."

सिस्टरने पाटी खाटेला अडकवली : 'रंग ओला आहे. हात लावू नये.'

सिस्टरचं न ऐकणारी रांग पाटी वाचून थबकली. नऊच्या नऊ जणांनी पांढरे कोट आवरले आणि दोन पावलं मागे घेतली. वाट मोकळी झाली तशी सिस्टरने खाट ढकलत ऑपरेशनच्या खोलीकडे नेली.

आठवड्याने रंगारी त्याच कोपऱ्यात टेकून बसला होता. पोटावर लांब टाके, पावलं उबदार. समोरच्या भिंतीच्या नव्या रंगात नऊ पाठी उमटलेल्या.

"एवढी भिंत पुन्हा मारावी लागेल," तो म्हणाला.

"तीन महिने शिडी बंद," सिस्टर म्हणाली. "आणि सिगारेट कायमची."

"मग पाटी तेवढी राहू दे खाटेला. राऊंडची वेळ झालीय."