पहिल्या दिवसाची आमटी

सुशीलाबाईंनी हिंगाची डबी उघडली, नाकाशी धरली आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. काही नाही. डबी जरा हलवून पुन्हा घेतला. नुसती हवा आत गेली आणि बाहेर आली. त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि डबी फडताळात जागच्या जागी ठेवली.

बाहेर शटर अर्धं वर सरकलं. वाकून कौशल्या आत आली. चपला काढून ती तिथेच उभी राहिली आणि भोजनगृह पाहू लागली. आठांतली चार टेबलं भिंतीशी उलटी रचून ठेवली होती. उरलेल्या चारांभोवती एकाआड एक खुर्चीवर फुलीचा कागद चिकटवला होता. दाराशी स्टुलावर सॅनिटायझरची बाटली, नावं-फोन लिहून घ्यायची वही, आणि वर पुठ्ठ्यावर सुशीलाबाईंच्या अक्षरात : ‘मास्क लावून आत यावे. जेवताना काढण्यास हरकत नाही.’

“वाळल्या तुमी काकू,” कौशल्या म्हणाली.

“तू तरी कुठे सुजलीयेस. हात धू. बाटली दोनदा दाब, एकदा दाबून काही येत नाही.”

कौशल्या मूळची यवतमाळकडची. बारा वर्षं येरवड्याहून बसनं कसब्यात यायची. मार्चमध्ये भोजनगृह बंद झालं, तेव्हा नवऱ्याबरोबर गावी गेली ती आता परतली होती. भाजी चिरणं, पोळ्या, वाढप, सगळं तिच्याकडे. फोडणी आणि मीठ मात्र सुशीलाबाईंच्या हातचं. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण बारा वर्षांत ते बदललंही नव्हतं.

सुशीलाबाईंनी कुकर चढवला. सोमवार म्हणजे आमटी. तीस वर्षं सोमवारी आमटीच होती.

जुलैमध्ये गल्लीच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले गेले, त्याच आठवड्यात त्यांना ताप आला. दोनच दिवस. तरी कुठल्याशा वसतिगृहाच्या खोलीत तीन अनोळखी बायकांबरोबर दहा दिवस काढावे लागले. घरी परतल्यावर पहिला चहा केला आणि दूधवाल्यानं पाणी घातलं म्हणून मनातल्या मनात त्याला चार शब्द सुनावले. मग लोणच्याची फोड तोंडात टाकली. मग कारल्याची. संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडून पाहिला. डॉक्टर फोनवर म्हणाले, येईल परत, काहींना वेळ लागतो. किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनीही विचारलं नाही. एकदा दूध करपून पातेलं कोळशासारखं झालं, तरी त्या पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसल्या होत्या. शेजारच्या शेफालीनं दार बडवलं तेव्हा कळलं. “डुलकी लागली होती,” असं त्यांनी तिला सांगितलं.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलाला तर नाहीच. आमोदनं शहराच्या टोकाला, मांजरी भागात नवा फ्लॅट घेतला होता आणि तो दर रविवारी तेच बोलायचा. आई, आता पुरे, बंद कर, इकडे ये. ऋचा, त्याची बायको, मागून म्हणायची, तुमची खोली तयार आहे. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. पण ज्या बाईला आमटीची चव कळत नाही तिनं भोजनगृह का चालवावं, या प्रश्नाला बाईंकडे उत्तर नव्हतं. म्हणून तो प्रश्न कुणी विचारणार नाही, एवढंच त्या बघत होत्या.

मोहरी तडतडली. त्यांनी कान देऊन ऐकलं. हळद, हिंग, कढीलिंबाचा चुरचुराट. मसाल्याचा रंग डोळ्यांना बरोबर दिसला. हाताला सगळं माहीत होतं. अडचण एवढीच होती, की हाताला माहीत होतं ते ऐंशी माणसांचं आणि आज करायचं होतं पंचवीस जणांचं. चिंच, गूळ त्यांनी डोळ्यांनी मोजून घातला. मिठाची मूठ पातेल्यावर नेली तोच फोन वाजला.

“उघडलंस शेवटी,” आमोद म्हणाला.

“हो.”

“दमू नकोस. नाही जमलं तर लगेच बंद कर, कुणी काही म्हणणार नाही.”

“बरं.”

फोन ठेवून त्या आमटीपाशी आल्या आणि थबकल्या. मीठ घातलं होतं की घालायचं होतं? एरवी डावातला थेंब तळहातावर टेकवला की काम झालं असतं. सवयीनं त्यांनी तो टेकवलाही. जिभेला कोमट ओल लागली, बाकी काही नाही. मागे कौशल्या कणीक मळत होती. एक शब्द विचारला असता तर झालं असतं. बाईंनी तिच्याकडे पाठ केली, आणि मूठ वळून मीठ घातलं.

साडेबारापासून एकेक जण येऊ लागला. एरवी या वेळी दाराबाहेर उभं राहायला जागा नसायची. आज माणसं जपून येत होती, खुर्चीला हात लावण्याआधी तिच्याकडे पाहत होती. कोपऱ्यावरच्या बँकेतला योगेश आणि त्याचा एक सहकारी आले. वहीत नावं लिहिली.

“काकू, किती दिवसांनी,” योगेश म्हणाला. “डबे खाऊन खाऊन तोंडाची चव गेली होती.”

बाईंनी वही मिटून ठेवली. त्यांनी ताट वाढलं. योगेशनं भातावर आमटी घेतली, घास खाल्ला, आणि पाण्याचा पेला उचलून अर्धा संपवला. सहकाऱ्याकडे पाहिलं. सहकारीही पाणीच पीत होता.

“काकू, थोडं दही मिळेल का?”

दही दिलं. दोघं खाली मान घालून दहीभात जेवले आणि जाताना “येतो हं काकू” म्हणाले. नेहमीपेक्षा जरा जास्तच मायेनं म्हणाले. बाईंच्या ते मनात राहिलं. पण तेवढ्यात बरोबर एकच्या ठोक्याला दिगंबर आगाशे दारात उभे राहिले, आणि ते तिथेच राहून गेलं.

आगाशे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून चौदा वर्षं दुपारचं जेवण इथे. या चौदा वर्षांत त्यांनी एका पदार्थाला चांगलं म्हटलं नव्हतं. “कोशिंबिरीत आज दाणे आहेत, की त्यांची आठवण?” “सुशीलाबाई, ही भाजी कुठली, म्हणजे कुठल्या दिवसाची?” असं बोलत ते ताट लख्ख करून उठायचे. सुरुवातीला बाईंना राग यायचा. पुढे पुढे, ज्या दिवशी आगाशे काही बोलत नसत, त्या दिवशी त्या स्वतः आत जाऊन भाजी पुन्हा चाखून बघत.

आज आगाशे खंगलेले दिसत होते. शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल झाली होती. पंख्याखालच्या टेबलाशी बसून त्यांनी मास्क काढला आणि घडी करून खिशात ठेवला. बाईंनी ताट ठेवलं आणि त्या मुद्दामच जरा दूर उभ्या राहिल्या.

आगाशे एका लयीत जेवत राहिले. वाटी संपली.

“आमटी द्या अजून.”

दुसरी वाटी दिली.

“उत्तम झाली आहे,” आगाशे म्हणाले.

बाईंच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. हाताला माहीत होतं तर. त्या आत गेल्या.

कौशल्या ओट्याशी उभी होती. तिच्या हातात भात कालवलेली ताटली होती आणि तोंड वेडंवाकडं झालं होतं.

“काकू, हे वरण आता कोणाले वाढू नका.”

“का?”

“दुप्पट मीठ पडलं ना वो. मी आत्ता घास घेतला तं थुकून टाकला. त्या बँकेतल्या सायबानं वाटी तशीच ठेवली, पाहा.”

बाईंनी पाहिलं. मोरीशी दोन वाट्या होत्या, जवळजवळ भरलेल्या. त्यांनी ओट्याची कड धरली आणि खालच्या पाटावर बसल्या.

कौशल्या त्यांच्याकडे पाहत राहिली. मग ताटली बाजूला ठेवून तीही समोर उकिडवी बसली.

“तुमाले लागत नाई,” ती हळूच म्हणाली.

बाईंनी मान हलवली.

“कवापासून?”

“जुलैपासून.”

“अन् सकाळपासून एकल्याच करून राह्यल्या. मले एक घास चाखाले नाई देता आला?”

बाईंनी मान खाली घातली. मग बाईंनी एकदम मान वर केली.

“आगाशे दुसरी वाटी घेतायत.”

दोघींनी दारातून पाहिलं. आगाशे वाटी उचलून तळाचा घोट पीत होते. तोंडावर काही नव्हतं. बँकेच्या पासबुकात शिक्का मारून घेणाऱ्या माणसाच्या तोंडावर असतं, तेवढंच.

सुशीलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेल्या. पेला भरला. गिऱ्हाइकाच्या टेबलाशी त्या कधी बसत नसत. आज समोरच्या खुर्चीवर, फुलीच्या कागदावरच बसल्या.

“आगाशे, तुम्हाला केव्हापासून नाही?”

“काय नाही?”

“चव.”

आगाशेंनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं. “खारट होती का?”

“कौशल्या म्हणते, दुप्पट.”

“अस्सं.” त्यांनी वाटी बाजूला सारली. “म्हणजे ‘उत्तम’ म्हणायला नको होतं.”

“चौदा वर्षांत पहिल्यांदा म्हणालात.”

“पहिला दिवस आहे, म्हटलं काहीतरी बोलावं. काय खोड काढावी ते कळेना.” त्यांनी पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. “गणपती बसले त्या दिवशी ताप आला. शेजाऱ्यांनी मोदक आणून दिले. मेण खाल्ल्यासारखं झालं. तुमचं?”

“जुलै.”

“म्हणजे तुम्ही ज्येष्ठ,” आगाशे म्हणाले. मग आवाज खाली आणून बोलले, “घरी मला जेवण जात नव्हतं, सुशीलाबाई. इथलं निदान पाठ आहे. सोमवारची आमटी, म्हणजे काय लागायला हवं ते ठाऊक आहे. तेवढ्यावर जेवलो.”

बाहेर एक रिक्षा गेली. सुशीलाबाईंनी टेबलावर सांडलेलं शीत उचलून ताटात टाकलं.

“मुलाला सांगितलंत?” आगाशेंनी विचारलं.

“नाही. तुम्ही कुणाला?”

“आत्ता. तुम्हाला.”

उरलेल्यांना त्या दिवशी ताक आणि भात वाढला. दुपारी भांडी झाल्यावर बाईंनी आमटीचं पातेलं मोरीत रिकामं केलं आणि त्यावर बराच वेळ नळ सोडून ठेवला.

“उद्यापासून मीठ तू घाल,” त्या म्हणाल्या. “फोडणीही तूच दे.”

“माझ्या हातचं तिखट होते काकू. आमच्याकडचं. इथल्या लोकाईले झेपन का?”

“ज्यांना झेपेल ते येतील.”

“अन् तुमी काय करसान?”

“पोळ्या लाटीन. तुझ्या पोळ्या तशाही वाकड्या असतात.”

ऊन उतरल्यावर त्यांनी स्वतःहून आमोदला फोन लावला. पहिला दिवस कसा गेला, असं त्यानं विचारलं.

“आमटी खारट झाली.”

“तुझी?” तो हसला.

“मला चव कळत नाही, आमोद. वासही येत नाही. जुलैपासून.”

आमोदचं हसणं थांबलं. मग तो म्हणाला, “आई, अगं मग कशाला...”

“उद्या कौशल्या करणार आहे. तुम्ही दोघं बुधवारी जेवायला या. आणि मला आत्ता काही समजावू नकोस, मी फार दमलेय.”

“बरं. बुधवारी येतो,” तो म्हणाला.

मंगळवारी मटकीची उसळ असायची, गूळ घातलेली. कौशल्यानं तिच्या पद्धतीनं केली. कांदा-खोबरं काळं होईस्तोवर भाजलं, लसूण ठेचला, आणि तापल्या तेलात लाल तिखट सोडलं. पोळ्या लाटणाऱ्या सुशीलाबाईंना जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. पदरानं ते पुसून त्यांनी पुढची पोळी तव्यावर टाकली. कौशल्यानं रस्सा तळहातावर घेऊन चाटला, जरा थांबली, आणि आणखी चिमूटभर मीठ घातलं. बाई पोलपाटावरून ते पाहत होत्या. पाहवत नव्हतं, तरी पाहत होत्या.

एकला आगाशे आले. काल बसले होते तिथेच बसले. बाईंनी ताट ठेवलं आणि या वेळी दूर गेल्या नाहीत.

आगाशेंनी पोळीचा तुकडा रश्शात बुडवून तोंडात घातला. दोनदा चावला आणि थांबले. कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. कपाळावर घाम आला. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, खिशातून रुमाल काढला, डोळे टिपले, नाक पुसलं, पुन्हा डोळे टिपले. डोळे काही थांबेनात. बाई घाबरल्या.

“आगाशे, राहू द्या ते. मी ताक आणते.”

आगाशेंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“सुशीलाबाई,” आवाज फुटेना म्हणून ते खाकरले, “हे जेवायला वाढलंय, की अग्निशामक दलाची परीक्षा घेताय?”

“नको असेल तर...”

“नको कोण म्हणालं.” रुमाल तोंडाशी धरूनच त्यांनी वाटी पुढे सरकवली. “अजून थोडी.”

बाई वाटी घेऊन आत आल्या. कौशल्या वळली.

“फार झालं का वो काकू? पाणी घालू?”

सुशीलाबाईंनी डाव उचलला. त्याच्या टोकानं थोडा रस्सा तळहातावर घेतला, जिभेला लावला आणि तशाच उभ्या राहिल्या. कौशल्या त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

“नको,” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. चव अजूनही नव्हती, पण जिभेला काहीतरी झोंबत होतं. “असू दे असंच.” आणि तळहात पुन्हा पुढे केला.