जीन्सचा बस्ता

आमच्या घरानं एका जीन्ससाठी बस्ता काढला. लग्नाचे कपडे घ्यायला जसं अख्खं खानदान दुकानात जाऊन बसतं, तसे आम्ही गुलमंडीच्या कापडबाजारात जाऊन बसलो. मी, आई, मुक्ताआत्या आणि आजोबा, म्हणजे आमचे तात्या. तात्यांनी फेटासुद्धा बांधला होता. एका पँटसाठी.

झालं असं, की रविवारी मला बघायला कन्नड गावाहून पाहुणे येणार होते. मध्यस्थ सांडूमामांनी निरोप दिला, "पोरगा लई मॉडर्न हाय. साडी नको, श्रेयाला जीन्स घालू द्या." आमच्याकडं जीन्स म्हणजे कंपनीत जाताना घालायची वस्तू. पाहुण्यांसमोर घालायची म्हटल्यावर ती एकदम मानाची झाली आणि निवडायचा हक्क सगळ्यांना आला. फक्त मला सोडून.

त्यात जालन्याच्या पाहुण्यांचं दुखणं ताजं होतं. ते लोक पोहे खाऊन, वर दोनदा चहा पिऊन गेले आणि मागून कळवलं, मुलगी चांगली आहे, पण अंगानं जरा थोराड. मी सगळ्यांसमोर हसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. कंपनीत माझ्या एका शब्दावर मशीन बंद होते, पण तो 'थोराड' काही केल्या डोक्यातून जाईना. मी आईला सांगून टाकलं, ह्या वेळी कोणी माझ्या अंगावरून बोललं, तर पुढचा पाहुणा ह्या घरात येणार नाही. आईचा चेहरा उतरला.

आत्यानं मात्र ते मनावर घेतलं. "अशी जीन्स घेऊ की पोरगी काडी दिसंल," ती म्हणाली. कुठून दिसणार काडी? आमच्या घरात मांड्या तात्यांपासून चालत आल्यात.

दुकानात खाली साड्या आणि वर जीन्स. मालकानं फेटा बघून आम्हाला खालच्या पांढऱ्या गादीवर बसवलं, चहा सांगितला आणि जीन्स खाली मागवल्या. आत्या एकेक जीन्स बोटांनी चोळून बघायची. "पहिल्या पाण्यात रंग सोडंल का हो?" तिनं विचारलं. गुडघ्यावर फाटलेली एक समोर आली, तेव्हा तात्या म्हणाले, "हे उंदरानं खाल्लेलं बाजूला ठेवा."

सोमनाथ नावाचा विक्रेता होता, त्यानं मला नीट बघितलं आणि म्हणाला, "ताई, तुमचा शेप नासपतीचा. कंबर बारीक, खाली भरलेलं. तुम्हाला वर कंबरेपर्यंत येणारी आणि पायात सरळ पडणारी पाहिजे."

"आमच्या पोरीला फळ म्हणतोस व्हय रे?" आत्या कडाडली, आणि तिनं ढिगातून सगळ्यात चिंचोळी जीन्स ओढली. "ही घाल."

घातली. म्हणजे उड्या मारून, भिंतीला टेकून, पोट पाठीला लावून घातली. आरशात खरंच बारीक दिसत होते, खोटं कशाला बोलू. फक्त श्वास सोडायची सोय नव्हती. बाहेर आले तर आत्या खूश, आई खूश. तात्या म्हणाले, "पाया पडून दाखव."

तात्यांचं हे ठरलेलं. माणूस कसा वाकतो त्यावरून ते माणूस ओळखतात. जावई, गडी, सरपंच, सगळे त्यांनी असेच पारखलेत. मी वाकले आणि गुडघ्यापाशी अडकले. खालीही जाता येईना, वरही येता येईना. तात्यांचा आशीर्वादाचा हात वरच थांबला. शेवटी आई आणि सोमनाथनं मिळून मला सरळ केलं.

मग मी कोणाला विचारलं नाही. सोमनाथ म्हणाला तसली गडद निळी, सरळ पायाची घातली, तात्यांच्या पायापर्यंत वाकले आणि पैसे देऊन मोकळी झाले. "पायजमा दिसतोय," आत्या घरी येईपर्यंत बडबडत होती.

रविवारी पाहुणे आले. मुलगा ऋतुराज, साखर कारखान्यात केमिस्ट. सोबत आई आणि त्याची आत्या. तो दारातून आला तोच गुडघे न वाकवता. सोफ्याच्या कडेला टेकला आणि पाय लांब सोडून बसला. पोह्यांचा चमचा खाली पडला, तर त्यानं नुसतं त्याच्याकडं बघितलं. किती माज असावा माणसाला, मी मनात म्हटलं. मी सगळ्यांच्या पाया पडले, त्याच्या आत्याच्यासुद्धा. मी वाकताना ती माझ्याकडं बघत होती. आता म्हणेल थोराड, मग म्हणेल. तिनं नुसतं 'सुखी राहा' म्हटलं.

निघताना ऋतुराज तात्यांपुढं आला आणि लांबूनच हात जोडले. तात्यांचा हात वर गेला होता, तो त्यांनी खाली घेतला.

"सांडू," तात्या म्हणाले, "पोरगं ताठ हाय. आपल्याला जमायचं नाय."

ऋतुराजची आई रडकुंडीला आली. मी त्याच्याकडं बघितलं. ओठांवर घाम, पोट आत, श्वास अर्धा अर्धा. हा चेहरा मी गुलमंडीच्या आरशात बघितला होता.

"तात्या, ताठा नाय तो," मी म्हटलं. "जीन्स आहे."

मी त्यालाच विचारलं, "कोणी निवडली?"

"आत्यानं," तो म्हणाला. "सांडूमामा म्हणाले, मुलगी लई मॉडर्न आहे. आत्या म्हणाली, ह्यात पोट दिसत नाही. मागच्या ठिकाणी पोटावरून बोलले होते." एवढं बोलायलाही त्याला दोनदा थांबावं लागलं. सगळ्यांनी सांडूमामांकडं बघितलं. सांडूमामा पंखा बघत होते.

मला हसू आलं आणि लगेच त्याचं वाईटही वाटलं. तात्या उठले, कपाटातून आहेरात आलेला कोरा पायजमा काढला आणि त्याच्या हातात दिला. आत गेला तो एक माणूस आणि बाहेर आला तो दुसराच. सगळं पोट मोकळं सोडून आला आणि तात्यांच्या पायावर थेट कपाळ टेकवलं. तात्यांनी हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

मग त्यानं मांडी घालून पुन्हा पोहे खाल्ले. खाताना हळूच मला म्हणाला, "तुमची कुठनं घेतली हो? तुम्हाला वाकता येतं की." आजवर जे आले ते माझ्या मांड्या मोजून गेले. माझ्या जीन्सचा हेवा वाटलेला हा पहिलाच. मला इतकं बरं वाटलं, की मी त्याला दुकानाचा पत्ता दिला.

तो पायजम्यावरच कन्नडला गेला. पाहुणे गेल्यावर सांडूमामांना कंठ फुटला. "पोरगा मुलीकडचे कपडे अंगावर घालून गेला. म्हणजे नवरदेवाचा आहेर झालाच. आता राहिलं काय?"

"मला विचारायचं राहिलं," मी म्हटलं.

मामा पुन्हा पंख्याकडं बघायला लागले. तात्यांनी मला जवळ बसवलं. "खरं हाय तुझं. नसंल पसंत तर सांग बाळा. उद्याच पायजमा परत मागवतो."

"राहू द्या त्याच्याकडं," मी म्हटलं. "पण बस्त्याला त्याची जीन्स मी निवडणार. आणि दोन्हीकडच्या आत्यांनी घरी बसायचं."