या नावाचं खातं नाही

आई गेल्यावर बाबांनी रडणं लवकर आवरतं घेतलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांशी ते नीट बोलत, सगळं सांगत, आणि शेवटी न चुकता म्हणत, “काय झालंय ते तिला कळू दिलं नाही आम्ही, तेवढं एक बरं झालं.” मग लोक मान हलवत आणि दादा उठून पाणी आणायला जाई.

लोकांचं येणं थांबलं, दादा त्याच्या घरी परतला आणि घरात आम्ही दोघंच उरलो. एका सकाळी चहाचा कप हातात तसाच धरून बाबा म्हणाले, “मला तिचा आवाज आठवत नाहीये.”

“होतं असं. हळूहळू आठवेल.”

“काल आठवत होता. आज गेला.” घरात काहीतरी हरवल्यासारखे ते इकडेतिकडे पाहायला लागले. “तू बोल बरं तिच्यासारखं.”

मला तिच्यासारखं बोलता आलं नसतं.

त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. दोन घास खाऊन ताट सरकवायचे आणि डोळे मिटून ओठ हलवत बसायचे. आई त्यांना हाक कशी मारायची ते आठवून बघत असावेत. मध्येच मान हलवायचे, “अंहं, असं नाही.” डॉक्टर म्हणाले, दुःख आहे, ओसरेल. पण वजन झरझर उतरत होतं, आणि बाबा मला दुसरं काहीच विचारत नव्हते. फक्त, “कुठे मिळालं का?”

कुठेच मिळत नव्हतं. घरातले फोटो, चित्रण, सगळं आईनंच काढलेलं. ती कायम कॅमेऱ्याच्या मागे. निरोप पाठवायची ते लिहून. बोलून पाठवलेला एकही नाही. म्हणायची, यंत्राशी काय बोलायचं. तिच्या फोनमध्ये तरी काही असेल म्हणून मी दादाला फोन लावला.

“तो मी आतलं सगळं पुसून आमच्या छोटीला दिला. तिच्या शाळेचं सगळं फोनवरच असतं. तूच म्हणालीस ना, वस्तू पडून राहू नयेत.”

“मी साड्यांबद्दल म्हणाले होते, दादा.”

“मला काय माहीत,” तो म्हणाला. मी भांडायचं सोडून दिलं.

राहता राहिलं ते आईचं खातं. आई एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची बांधणी करायची. निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत तिनं टेबल टाकलं, आणि लोक आपापली फाटकी पुस्तकं घेऊन यायला लागले. तिच्या कामाचे छोटे व्हिडिओ टाकायची कल्पना माझी. खातंही तिच्या फोनवर मीच उघडून दिलं, नावही मीच ठेवलं: ‘आईची बांधणी’. त्यात फक्त तिचे हात दिसायचे. जुनी शिवण उसवणारे, पानांवरची बुरशी पुसणारे, खळ लावणारे. वर कुठलंतरी तयार संगीत. शेवटी मात्र संगीत थांबायचं आणि आई दोनच शब्द बोलायची: “वाळू द्या.”

मला तेवढे दोन शब्द हवे होते.

आजारपण सुरू झाल्यावर काही दिवसांनी ते खातं माझ्या फोनवर दिसेनासं झालं होतं. मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, “बंद केलं. हात दुखतो.” आजारी माणसाला आणखी काय विचारणार. आता मात्र मी जुनी लिंक पुन्हा पुन्हा दाबून पाहत होते, आणि पुन्हा पुन्हा तीच पाटी येत होती: या नावाचं खातं नाही. ॲपच्या कंपनीला लिहिलं. आई वारली आहे, खातं तिनं स्वतः बंद केलं होतं, पुन्हा उघडता येईल का, निदान एक व्हिडिओ मिळेल का. उत्तर लगेच आलं, कारण ते माणसानं लिहिलेलं नव्हतं. या नावाचं खातं नसल्यामुळे आम्ही मदत करू शकत नाही. खाली पाच तारे होते. उत्तर आवडलं असेल तर भरायचे. मी मृत्यूचा दाखला जोडून पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच, तारेही तेच.

बाबा दारात उभे राहून विचारायचे, “काय म्हणतायत?”

“बघतायत.”

“लवकर बघा म्हणावं.”

मग मला काउंटरवाल्या मावशी आठवल्या. ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवर बसायच्या, आईची नोकरीभराची मैत्रीण. आईच्या प्रत्येक व्हिडिओखाली त्यांचा शेरा असायचा. न जाणो, एखादा व्हिडिओ त्यांनी उतरवून ठेवला असेल. आई गेल्यावर त्या भेटायला आल्या नव्हत्या, ते मला लागलं होतं. तरी गेले.

दार उघडून त्यांनी मला नुसतं जवळ घेतलं. मग खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, “मी आले नाही म्हणून रागावली असशील. आले असते तर तुझ्या बाबांसमोर तोंड सांभाळता आलं नसतं मला.”

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. मी आपलं माझंच सांगितलं. बाबा जेवत नाहीत, आवाज हवाय, खातं आईनं बंद केलं, कंपनी दाद देत नाही.

मावशींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “बंद कुठे केलंय? नाव बदललंय तिनं.”

“माझ्या फोनवर दिसत नाही.”

“तुला नाहीच दिसणार. तुला ब्लॉक केलंय. तुला, दादाला, वहिनीला. मीच करून दिलं. तिला जमत नव्हतं.”

त्यांनी स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. वर आईचं खातं होतं. नाव, ‘खळ आणि दोरा’. त्यात आई हा शब्द नव्हता. खाली ओळीनं चौकोन. खालचे जुने, फक्त हातांचे. आणि वरच्या प्रत्येक चौकोनात डोक्याला रुमाल बांधलेली आई समोर बघत होती.

“कशाला पण?” मी विचारलं.

“तुमच्या नाटक कंपनीपायी. साधी सूज आहे म्हणत होतात तिला. अगं, सुजेला कुणाचे केस जातात का? सगळं ग्रंथालय जिच्या हाताखालून गेलं, ती बाई रिपोर्ट वाचणार नाही होय? फाइल गादीखाली लपवायचात म्हणे. गादी झाडायचं कोण? तीच.”

“मग आम्हाला बोलली का नाही?”

“म्हणायची, एवढी मेहनत घेतायत, मोडू कशी. पण कुठेतरी बोलायला हवं ना माणसाला. मला म्हणाली, नाव बदलून दे. घरचं कुणी येणार नाही असं कर.”

त्यांनी एका चौकोनावर बोट ठेवलं आणि आई बोलायला लागली. आवाज बारीक झाला होता, पण तिचाच. पुठ्ठ्यावर कापड ताणत ती सांगत होती, “कोपरा आधी, मग बाजू. घाई केली की सुरकुती पडते. आमच्या घरी मला सूज आलीय. सगळे तसंच म्हणतात, मीही म्हणते. हे फाइल काखेत मारून हसत हसत आत येतात. लग्नाच्या फोटोतसुद्धा हसले नव्हते हो, त्यांना कुठलं जमतंय. मुलगी बाथरूममध्ये नळ सोडून रडते. मला वाटतं, जाऊन सांगावं, बाळा, नळ बंद कर, पाणी जातं, बाहेर बसून रड. पण मग सगळंच सांगावं लागेल.” मग तिनं कापडावरून तळवा फिरवला. खाली कितीतरी अनोळखी लोकांनी लिहिलं होतं, ताई काळजी घ्या, ताई आम्ही आहोत.

मी फोन उलटा ठेवला. मग मावशी म्हणाल्या, “तुझ्या फोनवर नवीन खातं उघड. जुन्यावरून ती काही आता तुला परत घेणार नाही.”

ॲपनं नाव विचारलं. मी हाताला येतील ती चार अक्षरं आणि काही आकडे घातले. ‘खळ आणि दोरा’ शोधलं. आता आई माझ्याही फोनवर आली, आणि कुठल्याही परक्या माणसाला विचारावं तसं मला विचारलं गेलं, फॉलो करायचं आहे का.

परतताना मी ठरवलं होतं. बाबांना फक्त जुने व्हिडिओ दाखवायचे. हात, संगीत, दोन शब्द. तेवढ्यानं ते जेवायला लागतील. वरचं काही त्यांच्या दृष्टीस पडू द्यायचं नाही. तिला कळलं नाही, या एका गोष्टीवर ते उभे होते. तीच काढून घेतली तर खाली काय राहणार. आणि वरचे सगळे मी स्वतःही पाहिले नव्हते. एकापुढे मला पाहवलं नव्हतं.

बाबा पलंगाच्या कडेला बसून होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळ्यात जुना व्हिडिओ लावला. हात आले, सुई आली, संगीत. बाबांनी श्वास धरला. “वाळू द्या,” आई म्हणाली.

त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट पकडलं की मला हात हलवता येईना. “पुन्हा.”

पुन्हा लावला. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येकात तेच दोन शब्द, पण बाबांना ते वेगवेगळे ऐकू येत होते. “हे सकाळचं आहे, बघ. इथं दमलीय. इथं मी मागे भांडं पाडलंय, म्हणून चिडून म्हणालीय.” त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मी म्हटलं, “बाबा, आता थोडं जेवू या का?”

“पुढचा लाव.”

जुने संपत आले. मी एक पुन्हा लावला. त्यांच्या ते लगेच लक्षात आलं. “हा झाला. वरचे लाव ना. वर आहेत की अजून.”

“एवढेच आहेत.”

“वेडी आहेस का, हे काय मग?” त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. “यात तोंड दिसतंय तिचं. रुमाल बांधलाय.” ते थांबले. रुमाल कधीपासून होता ते माझ्याइतकंच त्यांना माहीत होतं. “हे तर दवाखान्यातलं सुरू झाल्यानंतरचं. बंद केलं होतं ना तिनं?”

“नाव बदललं होतं.”

“कशाला?”

मला आणखी एक खोटं सुचलं होतं. ते जिभेवर आलंसुद्धा. इतके महिने तोच सराव होता. पण बाबा माझ्याकडे पाहत होते, आणि ते जेवत नव्हते, आणि त्यांना हवा असलेला सगळा आवाज त्या वरच्या चौकोनांत होता.

“आपल्याला दिसू नये म्हणून,” मी म्हटलं. “त्यात ती आजाराचं बोलते, बाबा. तिला माहीत होतं.”

बाबा पलंगाच्या कडेवरून हात फिरवत राहिले.

“कधीपासून?”

“आधीपासूनच असावं. फाइल वाचली होती तिनं.”

“मी गादीखाली ठेवायचो.”

“हो.”

“आणि मी तिला सांगायचो, या महिन्यात उतरेल सूज. ती म्हणायची, हो, उतरेल.” बाबा माझ्याकडे वळले. “चिडली होती का माझ्यावर? मला खरं सांग.”

“मला माहीत नाही. मी एकच पाहिला.”

“त्यात काय म्हणाली?”

“तुम्हाला हसायला जमत नाही म्हणाली.”

बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग फोनची काचही तशीच पुसली, सावकाश, चारी कोपरे. “उरलेल्यांत असेल कुठेतरी,” ते म्हणाले. “चिडली असली तर बोललीच असेल. ती मनात ठेवणारी नाही.” आणि आपण काय म्हणालो ते कळून त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“आज नको बघायला,” मी म्हटलं. “जेवू आधी.”

“कुठला आहे पहिला? हा?”

“बाबा.”

“दाब तू. माझ्या हातून भलतंच दाबलं जाईल.”

मी दाबलं. आई टेबलाशी बसली होती, मागे खिडकी बंद. तिनं रुमाल सारखा केला आणि दाराकडे एकदा पाहून घेतलं. “हे औषधं आणायला गेलेत,” ती म्हणाली, “मुलगीही बाहेर आहे. तेवढ्यात बोलून घेते.”

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि कानाशी नेला, जणू तिनं त्यांनाच फोन लावला होता. मग पुन्हा समोर धरला.

“आवाज वाढव,” ते म्हणाले.