आजोळचा वनवास

नवीन पनवेलच्या त्या घरात संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसले होते. पौराणिक मालिकेत धाकट्या राणीने वर मागितला, वीज कडाडली आणि सावत्र मुलगा वनवासाला निघाला. मोनाली मागे बसून रेवाच्या बॅगेत फ्रॉक भरत होती. आई वारल्यापासून रेवा दर मे महिन्यात उरणला आजोळी जायची. मोनाली लग्न होऊन या घरात आली, त्यानंतरची ही पहिलीच सुट्टी.

रेवाने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा बॅगेकडे.

“मावशी, तूपण बाबांकडे वर मागितलास?”

“कसला गं?”

“मला घालवायचा. चौदा वर्षं जायचंय का?”

तिचे बाबा, सत्यजीत, हसले. “वेडाबाई, आजीकडे जातेयस तू! आठ दिवसांत कंटाळून फोन करशील.”

रेवा हसली नाही. मोनालीही हसली नाही. नको जाऊस म्हणणं सोपं होतं, पण तिकडे लेक गमावलेली म्हातारी नातीची वाट पाहत होती. पोरीला एकटीला पाठवलं, तर ही शंका तिच्या मनात घर करून राहणार. आणि बरोबर जायचं, तर नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या माहेरचा उंबरा ओलांडायचा. तेवढा धीर मोनालीला आजवर झाला नव्हता.

तिने कपाटातून आपल्या दोन साड्या काढल्या आणि त्याच बॅगेत ठेवल्या.

“तू कुठे?” रेवाने विचारलं.

“तुझ्याबरोबर. आजींनी ठेवून घेतलं तर राहीन.”

रेवा जरा विचारात पडली. मग म्हणाली, “आजी ओरडली, तर माझ्यामागे उभी राहा.”