मागच्या दाराची काडी

काडी पायरीवर पडली होती. आगपेटीतली साधी काडी, गुल तांबडा, दुसरं टोक दातानं चावून चपटं केलेलं — म्हणजे तिचीच, शंकाच नको — आणि ती असायला हवी होती दार आणि चौकट यांच्या फटीत, गुडघ्याच्या जरा खाली, जिथे काल सकाळी तिनं स्वतः वाकून ती नीट बघितली होती. वारा नव्हता. या मागच्या गल्लीत वारा कधी नसतोच. दोन इमारतींच्या पाठी एकमेकींना जवळजवळ लागलेल्या, मधे पाइप, उपड्या बादल्या आणि बारमाही ओल. मग काडी पडली कशी... दार उघडल्याशिवाय ही काडी पडत नाही. त्यासाठीच तर ती असते.

सुट्ट्यांचे दिवस आले की आमच्या चौकीला लोकांचा पुळका येतो, असं ती स्वतःच थट्टेनं म्हणायची. मग इमारती-इमारतींतून सभा, पत्रकं, फलक — बाहेरगावी जाताय? आम्हाला कळवा. भाषण हवालदार म्हणून तिच्याच गळ्यात, कारण साहेबांना चार माणसांपुढे घाम फुटायचा आणि बाकीचे शिपाई समजावायला गेले तरी दम दिल्यासारखं बोलायचे. जाताना गावभर सांगत सुटू नका, दारात वर्तमानपत्रं साठू देऊ नका, किल्ली कुंडीखाली ठेवू नका, कुंडी चोरालाही उचलता येते. लोक हसायचे, माना डोलवायचे, आणि सभा संपली रे संपली की जिन्यातच एकमेकांना मोठ्यानं सांगायचे, आम्ही परवा निघतोय, चांगले पंधरा दिवस नाही! तिनं हात टेकले होते. पण कळवलेल्या प्रत्येक बंद घराकडे रोज सकाळी जायचं, पुढचं कुलूप ओढून बघायचं, मागे दार असेल तर काडी बघायची, हे ती डोळ्यांत तेल घालून करायची. काडीची युक्ती तिला नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या जमादारांनी शिकवली होती. काडी जागेवर दिसली की खुशाल पुढे चालायला लागायचं, ते म्हणायचे.

हे घर कंपाउंडरकाकांचं, तळमजल्यावरचं. माणसाची उभी हयात कोपऱ्यावरच्या दवाखान्यात औषधं देण्यात गेलेली. इमारतीतली निम्मी पोरं त्यांच्या हातचं कडू औषध नाक दाबून पिऊन मोठी झालेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा लांबच्या शहरात. यंदा सुट्टीत मुलानं बोलावलंय, हे त्यांनी सभेत उठून सगळ्यांदेखत सांगितलं होतं, खोकत, पुन्हा खोकत — त्या खोकल्यापायी तिला भाषण मधेच थांबवावं लागलं होतं — आणि मग विचारलं होतं, "तुम्ही रोज येता? न चुकता?"

"रोज येते, काका."

"मागच्या दाराकडेसुद्धा?"

म्हातारं माणूस, घरातल्या चीजवस्तूंची काळजी असणारच.

अशा वेळी काय करायचं हे ती झोपेतही सांगू शकली असती. दाराला हात लावायचा नाही, चौकीला कळवायचं, माणसं आली की मगच आत जायचं. फोन हातात होता, अंगठा बटणावर होता... आणि आतून आवाज आला. पेल्यात चमचा फिरल्याचा. जरासा किणकिणला आणि एकदम थांबला, फिरवणाऱ्यालाच तो ऐकू आल्यासारखा. चोर काही साखर ढवळत बसत नाही. आणि पाठोपाठ खोकला, कशात तरी तोंड खुपसून दाबलेला, तरी लपेना असा.

तिनं फोन खिशात टाकला. चोर तिनं पुष्कळ बघितले होते, चोराचं तिला काही वाटत नव्हतं.

"काका?" ती फटीशी तोंड नेऊन म्हणाली. "मी चौकीतली."

मग लॅच फिरलं आणि दार वीतभर उघडलं. आत अंधार, खिडक्यांवर चादरी लावलेल्या, आणि त्या अंधारात दाढीचे पांढरे खुंट वाढलेला चेहरा.

"हळू बोला," ते म्हणाले. "वरच्या वहिनींचे कान फार तिखट आहेत."

"तुम्ही गेलाच नाहीत?"

"गेलो होतो की. स्टँडपर्यंत." ते ओशाळं हसले. "सगळे कोपऱ्यापर्यंत सोडायला आले होते हो. बॅग मला उचलूच देईनात. वहिनींनी डबा करून दिला. स्टँडवर बसलो, गाडीला अवकाश होता, तेवढ्यात त्याचा फोन... बायकोच्या माहेरची माणसं अचानक येतायत, झोपायला जागा नाही, बाबा पुढच्या महिन्यात बघू. चांगला आहे तो. आवाज अगदी एवढासा झाला होता त्याचा. मीच म्हटलं, अरे, त्यात काय एवढं."

मग ते तिथेच बाकावर बसून वहिनींचा डबा खाऊन बसले होते, सगळा, कारण परत आणला असता तर कुणाला काय सांगणार — आणि अंधार पडल्यावर मागच्या गल्लीनं, भिंतीच्या कडेकडेनं, स्वतःच्या घरात चोरासारखे शिरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली होती. पुढचं कुलूप तिनं ओढलं होतं, मागे येऊन मोठ्या समाधानानं काडी खोचली होती. आत माणूस बसलेला, आणि ती बाहेरून रोज बघून जात होती की घरात कुणी नाही.

"आज कचरा टाकायला उघडलं," ते म्हणाले. "वास यायला लागला होता. ही काडीची भानगड मला ठाऊकच नव्हती. कुलूप ओढता ते मात्र कळायचं. सकाळी उठून वाट बघायचो. कुलूप हललं की बरं वाटायचं."

तिच्या तोंडून एकदम सगळं बाहेर आलं, दबक्या आवाजात, पण रागानं — असं का करता काका, छातीत हा एवढा खोकला, पाय घसरला, चक्कर आली, तर काय? बंद घराचं दार कुणी ठोठावत नाही. सगळे समजणार तुम्ही तिकडे नातवंडांत आहात. सुट्ट्या संपेपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"मग सांगा ना सगळ्यांना! मुलगा आजारी पडला म्हणा, परत आलो म्हणा."

"मग त्याला बघायला का नाही गेलात, म्हणतील." हे त्यांनी आधीच उलटसुलट करून बघितलं होतं, दिसतच होतं. "माझं काही नाही. मला हसले तर हसू देत. पण ही माणसं त्याला नावं ठेवतील हो. लहानपणी ह्या सगळ्यांच्या घरात खेळलाय तो. वहिनी तर त्याला कधी माफ करणार नाहीत. आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल, कारण त्या माझ्याच बाजूनं बोलत असतील."

आज सकाळीच, वर्दी चढवता चढवता, तिला भावाचा फोन आला होता — ताई, यंदा तरी येतेस ना? — आणि तिच्या तोंडून दरवर्षीचं वाक्य सरावानं निघून गेलं होतं, साहेब रजाच देत नाहीत रे. साहेब बिचारे दरवर्षी रजा देतात. तीच ती दुसऱ्या कुणाला देऊन टाकते, घरी पोरंबाळं असलेल्या कुणाला तरी, आणि चौकीत सगळे म्हणतात, बाई म्हणजे देवमाणूस. देवमाणूस कसली! भावाकडे गेलं की भावजय तिच्यासाठी स्वतःची खोली रिकामी करते, नवी चादर घालते, उठल्यापासून हातात सगळं आयतं देते, पाहुण्याला देतात तसं. आणि रात्री भिंतीपलीकडे ती सगळी एकाच खोलीत दाटीवाटीनं झोपलेली, हसतायत, कुणीतरी कुणालातरी गप्प करतंय, आत्याला झोपू द्या. कुणी वाईट वागलं असतं तर सांगता तरी आलं असतं. मला कुणी विचारलं असतं, तुला काय कमी केलं त्यांनी, तर मी काय सांगणार होते?

"काय हो बाई, सगळं ठीक ना?"

आवाज वरून. वरच्या वहिनी खिडकीतून अर्ध्या बाहेर, हातात पिळलेला टॉवेल. दार तिच्या पाठीमागे न वाजता लोटलं गेलं.

आता. नियमानं, माणुसकीनं, कशानंही बघितलं तरी सांगून टाकायला हीच वेळ होती. वहिनी धावत खाली आल्या असत्या, चहा आला असता, दुपारचं ताट आलं असतं, म्हाताऱ्याच्या उशाशी रात्रभर कुणीतरी बसलं असतं. जीव सुरक्षित. ती मान वर करून बघत राहिली, आणि दाराच्या त्या बाजूला एक माणूस खोकला दाबून धरून उभा होता. दाबलेला खोकला पाठीलाही जाणवतो, हे तिला आज कळलं.

"ठीक आहे सगळं," ती म्हणाली. "वाऱ्यानं काडी पडली होती, तेवढंच."

"आमचे काका तिकडे मजेत असतील बघा! जाताना कसे लहान मुलासारखे निघाले होते." वहिनींनी टॉवेल झटकून दोरीवर टाकला. "इथे अगदी चुकल्यासारखं होतं हो त्यांच्याशिवाय." आणि त्या आत गेल्या.

वाऱ्यानं! या गल्लीत! तिला स्वतःचीच लाज वाटली, इतकी वर्षं खोटं पकडून पकडून शेवटी खोटं बोलायची वेळ आली तर हे असलं. दार पुन्हा बोटभर उघडलं. काका डोळे पुसत होते की खोकत होते, अंधारात कळत नव्हतं.

"माझा नंबर घ्या," ती म्हणाली. "जरा काही वाटलं तर फोन."

"फोन करण्याइतका बरा असलो तर करू कशाला?"

तिला हसू आलं, आणि ते आल्याचा रागही आला. पायरीवरून उचललेली काडी ती बोटांत फिरवत होती... आणि फिरवता फिरवताच तिला ते सुचलं.

"ऐका. ही काडी मी आत्ता इथे खोचते. उद्या सकाळी मी यायच्या आत तुम्ही दार उघडायचं. एकदाच, एवढंसं. काडी पडली पाहिजे. मी आले की नवी खोचेन. रोज."

त्यांना पटकन समजलं. जन्मभर लोकांना सकाळ-संध्याकाळ डोस सांगितलेला माणूस. "आणि नाही पडली तर?"

"तर मी कुणाला विचारत बसणार नाही. दार तोडेन."

"लॅच नवं आहे," ते म्हणाले. "खिडकीची काच फोडा, स्वस्त पडेल." आणि दार लावून घेतलं.

चौकीत तिनं सांगितलं, बंद घरं सगळी ठीक. साहेब टेबलाच्या कडेला टेकून म्हणाले, "बाई, यंदा तुम्ही जाच. दरवर्षी तुम्हीच का राबायचं? घरं मी दुसऱ्या कुणाकडे तरी देतो." ती नाही म्हणाली. फार पटकन म्हणाली, तसं साहेबांनी जरा निरखून बघितलं. दुसरा कुणी म्हणजे — काडी पडलेली बघेल, शिट्टी फुंकेल, अख्खी इमारत गोळा करेल. हे झालं एक. आणि काडी जागेवर बघेल, खूश होईल, पुढे चालायला लागेल... हे दुसरं तिच्यानं पुरतं मनात आणवेना.

दुपारी तिनं आपण होऊन भावाला फोन केला. असं ती कधी करत नसे. "अरे, यंदा खरंच जमत नाही. खरंच कामच तसं आहे."

तिकडे भांड्यांचे आवाज, पोरांचा कालवा. "दर वेळी खरंच असतं, ताई," तो म्हणाला. चिडून नाही, अगदी साधेपणानं, आणि मग म्हणाला, उद्या करतो फोन.

संध्याकाळी तिची फेरी नसते. तरी पाय तिकडेच वळले. घराघरांतून दिवे लागले होते, त्या एका घरात तेवढा अंधार, आणि जाणारे-येणारे त्या अंधाराकडे न बघता जात होते, जसं बंद घराकडे जातात. पुढच्या दाराशी थांबून तिनं कुलूप ओढलं. मग पुन्हा ओढलं, नको तेवढ्या जोरानं, खडखड वाजेल असं. आतून काहीच नाही. असायला नकोच होतं. पण तिला दिसत होतं, आत अंधारात बसलेला माणूस मान उचलून ऐकतोय — आणि कुलपावर हात तसाच ठेवून ती उभी राहिली, कारण हा आवाज तिच्या ओळखीचा होता. ताई, यंदा तरी येतेस ना. दरवर्षी भाऊ फोनवरून असाच कुलूप ओढून जातो, ती आत श्वास रोखून बसते, आणि तिला आत्तापर्यंत वाटत होतं की त्याला आतलं काही कळत नाही. उद्या फोन आला की काय बोलायचं? ते तिला माहीत नव्हतं. रजा देत नाहीत, हे मात्र आता तोंडातून निघणार नव्हतं.

ती वळसा घालून मागे गेली. टॉर्च लावली. काडी जागेवर होती, सरळ, चपटं टोक बाहेर, सकाळी खोचली होती तश्शी. इतकी वर्षं अशी काडी दिसली की तिचा जीव भांड्यात पडायचा आणि ती पुढे चालायला लागायची. आज पाय निघेनात. टॉर्च विझवून ती अंधारात त्या फटीकडे बघत राहिली. उद्या सकाळी ही पडलेली असू दे, ती म्हणाली, मनात नाही, अगदी ओठांनी म्हणाली... पडलेली असू दे.